बेदाण्यासाठी कलर सॉर्टर परदेशातून मागवताना: कोडपासून कुपवाडच्या दारापर्यंत

बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. तोवर कलर सॉर्टर (रंगावरून चांगला-वाईट दाणा वेगळा करणारं यंत्र) तासगावच्या किंवा कुपवाडच्या युनिटमध्ये बसून चालू हवं असेल, तर तारखा उलट्या मोजाव्या लागतात. यंत्र बनायला महिना-दीड महिना, समुद्रातून न्हावा शेवा बंदरात यायला तीन-चार आठवडे, सोडवून सांगलीला आणायला आठ-दहा दिवस. यंत्र चीनचं असेल तर मध्ये तिकडे १ ऑक्टोबरपासून आठवडाभर सुट्टी असते. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष येतं आणि कारखाने त्याच्याही आधीपासून रिकामे होऊ लागतात. म्हणून ऑर्डर गणपतीच्या सुमारास पक्की झालेली बरी. दिवाळीनंतर चौकशी सुरू करणाऱ्याला यंत्र मिळतं, पण बहुतेक वेळा हंगाम संपता संपता.

पुढचं सगळं कलर सॉर्टरचं उदाहरण धरून सांगितलं आहे. पॅकिंग मशीन असो वा सुटे भाग, क्रम हाच.

भाव विचारण्याआधी कोड

प्रत्येक वस्तूला कस्टमचा आठ अंकी एचएस कोड असतो. ड्युटी, जीएसटी, परवाना, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची) सक्ती हे सगळं त्यावरून ठरतं. पुरवठादार देतो त्या कोडचे पहिले सहा आकडेच जगभर सारखे असतात. शेवटचे दोन प्रत्येक देशाचे आपापले.

कलर सॉर्टरची गंमत अशी की तेच यंत्र तांदळालाही विकलं जातं. त्यामुळे पुरवठादार सवयीने ८४३७ १० लिहून मोकळा होतो. हा कोड बी, धान्य आणि कडधान्य निवडण्याच्या यंत्रांचा. फळं आणि इतर शेतमालाची प्रतवारी करणारी यंत्रं ८४३३ ६० मध्ये येतात, आणि बेदाणा हे सुकवलेलं फळ. इनव्हॉइसवर एक कोड, कॅटलॉगमध्ये ‘राइस सॉर्टर’ आणि तुमचं म्हणणं ‘बेदाण्यासाठी’ असा घोळ झाला की कस्टमचा अधिकारी प्रश्न काढतो आणि प्रश्न मिटेपर्यंत माल गोदामात भाडं खात बसतो. यंत्राचा कॅटलॉग आणि ते कशासाठी वापरणार याचा कागद ऑर्डर देण्याआधीच सीएचएला (कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटला) दाखवा आणि कोड लेखी ठरवून घ्या.

त्याच बैठकीत बीआयएसचं विचारा. सक्तीच्या यादीतल्या वस्तूंसाठी परवाना परदेशातल्या कारखान्याच्या नावावर लागतो, तुमच्या नावावर घेऊन चालत नाही. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ही सक्ती आहे आणि यादी वाढत चालली आहे. माल बंदरात आल्यावर हा परवाना उभा करता येत नाही.

आयईसी आणि एडी कोड

आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी. डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपये फी भरून तो निघतो. आता पॅन नंबर हाच आयईसी. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो आणि ते कळतं तेव्हा बहुधा माल बोटीत असतो.

ज्या बँकेतून डॉलर पाठवणार, तिच्याकडून एडी कोडचं (परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन आइसगेटवर (कस्टमच्या पोर्टलवर) न्हावा शेवासाठी नोंदवा. सांगली-मिरजेतल्या छोट्या शाखांमध्ये परकीय चलनाचं काम सहसा होत नाही; फाइल कोल्हापूर किंवा पुण्याच्या शाखेकडे जाते. चार-सहा दिवस त्यातच जातात, ते वेळापत्रकात धरा.

पुरवठादार आणि प्रोफॉर्मा

चीनमधल्या कंपनीच्या परवान्यावर १८ अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागा, आणि कारखाना व्हिडिओ कॉलवर चालू स्थितीत बघा. यंत्र तांदळावर चालवून दाखवलं तर समाधान मानू नका. बेदाणा चिकट असतो. उतारावरून घसरत जाणाऱ्या यंत्रात दाणे एकमेकांना धरून उतरतात आणि चांगल्याबरोबर वाईटही निसटतो. बेल्टवर चालणारं यंत्र महाग पडतं, पण ओलसर मालाला तेच सोसतं. तासाला किती किलो हा आकडाही बेदाण्याचाच लिहून घ्या, तांदळाचा नको.

प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर (ऑर्डरआधी मिळणाऱ्या कच्च्या बिलावर) मॉडेल, क्षमता, व्होल्टेज, सुट्या भागांची यादी, तयार होण्याची तारीख आणि इन्कोटर्म (भाडं आणि धोका कुठपर्यंत कुणाचा हे सांगणारी अट) हवा. हवेच्या झडपा आणि काचा यांचे जादा नग पहिल्याच खेपेत घ्या. नंतर कुरियरने एकेक मागवणं खिशाला परवडत नाही. ‘फ्री’ म्हणून दिलेल्या भागांनाही कस्टमसाठी किंमत दाखवावी लागते. काँप्रेसर आणि एअर ड्रायर मात्र इथेच घ्यावा. वजन खूप, आणि दुरुस्तीला माणूस जवळ लागतो.

इन्कोटर्ममध्ये नवख्याला सीआयएफ (किमतीतच विमा आणि भाडं धरलेलं) सोपं वाटतं, कारण भाडं पुरवठादार भरतो. पण फॉरवर्डर (बोटीची व्यवस्था करणारा) त्यांचा असतो. तिकडे भाडं नाममात्र लावायचं आणि इकडे डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात घेण्याची चिठ्ठी) देताना नाना नावांनी वसूल करायचं, हा सर्रास प्रकार आहे. एफओबी (तिकडच्या बंदरात बोटीवर चढवेपर्यंतची किंमत) घ्या आणि फॉरवर्डर तुम्ही निवडा. त्याच्याकडून न्हावा शेवाचे सगळे चार्जेस आधी लेखी मागा. एकटं यंत्र असेल तर पूर्ण कंटेनर लागत नाही. एलसीएलमध्ये (इतरांच्या मालाबरोबर वाटून घेतलेल्या कंटेनरमध्ये) घनमीटर किंवा टन, यांतला जो आकडा मोठा त्यावर भाडं लागतं.

पैसे

रिवाज ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल निघण्याआधी किंवा बिल ऑफ लेडिंगची (माल बोटीवर चढल्याच्या पावतीची) प्रत मिळाल्यावर. शक्यतो दुसरा पर्याय पकडा. खातं कंपनीच्याच नावाचं हवं. मधेच ‘आमचं बँक खातं बदललं’ अशी ईमेल आली तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. ईमेल हॅक करून पैसे वळवण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे आणि गेलेले डॉलर सहसा परत येत नाहीत. बँकेचे चार्जेस कोण भरणार हेही ठरवा. नाहीतर तिकडे पाच-पंचवीस डॉलर कमी पोचतात आणि तेवढ्यासाठी माल अडतो.

‘इनव्हॉइस निम्म्या रकमेचं करून देतो’ ही ऑफर हमखास येते. सरळ नाही म्हणा. बँकेतून गेलेली रक्कम आणि कस्टमला दाखवलेली किंमत जुळली नाही, तर दंड आणि माल जप्ती दोन्ही होऊ शकतं.

जमिनीवर पडणारी किंमत

समजा एफओबी १०,००० डॉलर, भाडं ६०० डॉलर. विम्याची पावती नसेल तर कस्टम एफओबीच्या १.१२५ टक्के धरतं, म्हणजे ११२.५०. एकूण १०,७१२.५० डॉलर. हिशोबाला डॉलर ९० रुपये, मूळ ड्युटी ७.५ टक्के आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के धरू. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या कोडचे त्या दिवशीचे दर बघा.

मूल्य ९,६४,१२५ रुपये. ड्युटी ७२,३०९. ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७,२३१. या तिन्हींच्या बेरजेवर, १०,४३,६६५ वर, आयजीएसटी १,८७,८६०. म्हणजे भरायचे एकूण २,६७,४००.

यातला आयजीएसटी नियमित जीएसटी भरणाऱ्याला क्रेडिट म्हणून मिळतो, पण रोख आधी घालावी लागते. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांच्या जीएसटी योजनेत) असाल तर तो सरळ खर्चात गेला. आणि यंत्राच्या किमतीत कर धरून त्यावर घसारा लावलात, तर क्रेडिट सोडावं लागतं. सीएला आधीच सांगा. भाड्याची पावती नसेल तर कस्टम एफओबीच्या २० टक्के भाडं धरतं. या उदाहरणात ६०० च्या जागी २,००० डॉलर.

यावर सीएचए, गोदाम, विमा आणि सांगलीपर्यंतचा ट्रक. विमा सगळे धोके धरणारा, कारखान्यापासून कुपवाडच्या दारापर्यंतचा घ्या. बंदरापर्यंतचा विमा घेतला आणि यंत्र महामार्गावर आपटलं, तर हातात काही राहत नाही.

माल निघताना

लाकडी खोक्यावर गव्हाच्या कणसासारखं चिन्ह आणि एचटी ही अक्षरं छापलेली हवीत. लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून कीड मारल्याची ती खूण आहे. शिक्का नसला तर खेप अडते. पॅकिंगचे फोटो मागवा, शिक्का जवळून दिसेल असे.

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा बोट निघण्याआधी सीएचएला पाठवा. तिन्हींवर फर्मचं नाव आयईसीवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. नगांची संख्या आणि वजन जुळतं का बघा. बोट निघाल्यावर बिल ऑफ लेडिंगमध्ये दुरुस्ती करायची म्हणजे फीही आणि दिवसही. पैसे पूर्ण दिल्यावर टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडण्याचा निरोप) मागितली की मूळ कागद कुरियरने येण्याची वाट बघावी लागत नाही.

न्हावा शेवा

बिल ऑफ एंट्री (कस्टमकडे भरायचं आयातीचं विवरण) बोट पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,०००. ड्युटीसाठी खात्यात पैसे आधीच ठेवा, कारण उशिरावर वर्षाला १५ टक्के दराने व्याज चढतं. ‘बोट कधी लागणार’ हे फॉरवर्डरला आठवड्यातून दोनदा विचारा. तारीख सरकत राहते आणि कळवायला कुणी बांधील नसतं.

आउट ऑफ चार्ज (कस्टमची माल सोडण्याची परवानगी) मिळाल्यावर गोदामातून माल ताब्यात घेताना खोकं सही करण्याआधी नीट बघा. फुटलेलं किंवा ओलं दिसलं तर शेरा लिहून घ्या, नाहीतर विम्याचा दावा लटकतो. ई-वे बिल बिल ऑफ एंट्रीच्या नंबरवर काढायचं. कुपवाडला क्रेन किंवा फोर्कलिफ्ट आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घाट ओलांडून पहाटे आलेला ट्रकवाला दुपारपर्यंत थांबला की हॉल्टिंग लावतो.

नंतरचे दोन कागद

बिल ऑफ एंट्रीची प्रत बँकेत देऊन पाठवलेल्या रकमेची नोंद बंद करून घ्या. ती उघडी राहिली तर पुढच्या वेळी बँक डॉलर पाठवत नाही. जीएसटीच्या २बी मध्ये (क्रेडिटच्या मासिक तक्त्यात) आयजीएसटी दिसतो का हे त्याच महिन्यात बघा. दिसत नसेल तर पोर्टलवर बिल ऑफ एंट्री शोधून माहिती ओढून घेण्याची सोय आहे. सगळी फाइल पाच वर्षं जपून ठेवा, कस्टमचं ऑडिट मागाहूनही येतं.