कंबरेची गादी सरकल्यावर गोळी आणि व्यायाम एकत्र कसे घ्यायचे

नाशिकच्या सिडकोत मी फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. अंबड एमआयडीसीत मशिनवर उभे राहणारे, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार, दिवसभर दुचाकीवर फिरणारे असे लोक येतात. रिपोर्टवर बहुतेकदा एल-४ एल-५ नाहीतर एल-५ एस-१ (म्हणजे कंबरेच्या तळाच्या मणक्यांमधल्या गाद्या) लिहिलेलं असतं, सोबत गोळ्यांची पिशवी. प्रश्नही ठरलेला: "ताई, गोळीनं बरं वाटतंय, मग व्यायाम कशाला?"

दोघांचं काम वेगळं आहे म्हणून. गादीतला गर बाहेर येऊन नसेला टेकला की तिथं सूज येते, कळ पायात उतरते आणि कंबरेचे स्नायू आखडून बसतात. स्नायू सैल करणारी गोळी फक्त हा आखडलेपणा कमी करते. गादी आत ढकलणारी गोळी अजून निघालेली नाही. बाहेर आलेला गर बहुतेक वेळा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं आणि बऱ्याच जणांना ६ ते १२ आठवड्यांत चांगला आराम पडतो. तोवर रात्री झोप लागावी आणि दिवसा हलता यावं, एवढ्यासाठी ती गोळी. ती घेऊन आठवडाभर अंथरुणावर पडून राहिलात तर स्नायू आणखी कमजोर होतात. एखाद-दुसरा दिवस विश्रांती पुरे.

आधी पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे या गोळ्या बहुधा मिश्रणात येतात: दुखणं-सूज कमी करणारं अॅसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि सोबत स्नायू सैल करणारं टिझॅनिडिन, क्लोरझोक्साझोन किंवा थायोकोल्चिकोसाइड. घरात कुणी ताप-अंगदुखीची वेगळी गोळी दिली तर पॅरासिटामॉल दोनदा जातं, म्हणून मनानं भर घालू नका. अॅसिक्लोफिनॅक असेल तर पोटभर जेवूनच घ्या. रविवारच्या झणझणीत मिसळीवर नको, आधीच पित्त होणाऱ्यांनी तर नकोच. बीपी, किडनी, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लघवीच्या जंतुसंसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर टिझॅनिडिन चालत नाही, बीपी धोकादायक उतरू शकतं. थायोकोल्चिकोसाइड गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घ्यायचं नाही. युरोपातल्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये ही गोळी सलग ७ दिवसांपेक्षा जास्त देऊ नका असं सांगितलं. आणि आपल्याकडे जुनी पट्टी मेडिकलवाल्याला दाखवून महिनोन्महिने आणणारे आहेत! याचा मला खरंच त्रास होतो.

आता वेळ. झापड आणणारी गोळी रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. दिवसाही घ्यावी लागत असेल तर गुंगीत दुचाकी काढून द्वारका चौकाच्या गर्दीत शिरू नका, कुणाला तरी सोडायला सांगा. दारू तर अजिबात नको. माझ्यासारखीकडे आलात की कोणती गोळी, किती वाजता घेतली, हे आल्या आल्या सांगा. टिझॅनिडिनवर असलेला माणूस टेबलावरून झटकन उठला तर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला मी कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, थोडा वेळ बसवूनच उभा करते. घरीही असंच उठा. गरम पाण्याची पिशवी लावून झोपी जाऊ नका. बधिर कातडी आणि वरून गुंगी, भाजलेलं कळतच नाही.

व्यायामात मी बहुतेकांना पोटावर झोपण्यापासून सुरू करते. दोन-तीन मिनिटं नुसतं पालथं, श्वास सैल. मग कोपरांवर छाती उचलायची, कंबर खाली सैल सोडून. सहन झालं तरच पुढे तळहातांवर. या वेळी लक्ष दुखतंय किती यापेक्षा कुठे दुखतंय याच्याकडे ठेवा. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात, अशी वर सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. कळ खाली घोट्याकडे उतरली, मुंग्या वाढल्या, तर तिथेच थांबा. गोळीच्या अंमलात दुखणं दबलेलं असतं, म्हणून "आज जमतंय" म्हणून दुप्पट करू नका. नेमून दिलेलं तेवढंच. संध्याकाळी सपाट रस्त्यावर किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दहा-दहा मिनिटं चाला. पांडवलेणीच्या पायऱ्या एवढ्यात नाहीत.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकू नका. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते, वाकल्यावर तिच्यावर जास्त ताण येतो. बागायतदार काकांना मी सांगते, छाटणीला थोडं उशिरा उभे राहा आणि क्रेट उचलायचं काम सध्या दुसऱ्याला द्या. गोळी घेऊन क्रेट उचलणं मला मान्य नाही, मग हंगाम कितीही अंगावर आलेला असो.

लघवी अडकली किंवा कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा आणि जांघा बधिर झाल्या, दोन्ही पायांतला जोर गेला, तर व्यायाम नाही, गोळी नाही, माझ्याकडेही यायचं नाही. त्याच तासाला त्र्यंबक रोडचं सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, मध्यरात्र असली तरी. चालताना पाऊल लोंबायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.