मुलांच्या तब्येतीचा सर्व्हे करताय? आधी हे वाचा

दर वर्षी कोणीतरी शिक्षक मित्र विचारतो की वर्गात मुलांच्या तब्येतीचा सर्व्हे घ्यायचाय, प्रश्न कुठून आणू. नवीन शोधत बसू नका. युरोपात आणि कॅनडात ११, १३ आणि १५ वर्षांच्या पोरांना दर चार वर्षांनी एचबीएससी नावाचा सर्व्हे देतात, १९८३-८४ पासून चाललाय, जागतिक आरोग्य संघटना त्यात आहे. भारत त्यात नाही, पण पद्धत उचलायला कोण अडवतंय.

पहिला प्रश्न शिडीचा. वरची पायरी म्हणजे आयुष्य जितकं भारी असू शकतं तितकं, खालची म्हणजे सगळ्यात वाईट, तू आत्ता कुठल्या पायरीवर? मूळ सर्व्हेत ० ते १० आकडे असतात. मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा सातवीतला एकजण १० लिहून म्हणाला, "सर, पैकीच्या पैकी ना?" झालं, त्याने स्वतःला मार्क दिले होते. तेव्हापासून आकडे काढूनच टाकले, नुसती शिडी छापतो, पायरीवर फुली मारायला सांगतो, आकडे नंतर मी घालतो.

मग तक्रारी: डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी, चक्कर, झोप न लागणं, चिडचिड, घाबरणं, उदास वाटणं. रोज, आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा, आठवड्याला, महिन्याला, की क्वचित किंवा कधीच नाही. इथे भाषा सांभाळा. "उदास" हा शब्द पाचवीच्या पोराच्या तोंडात नसतो, तो म्हणतो करमत नाही, कसंतरी होतं. घाबरण्यासाठी "छातीत धडधडतं" लिहा, लगेच कळतं. आणि तिकडे मागचे सहा महिने विचारतात, ते आपल्या पोरांना मोजता येत नाहीत, फेब्रुवारीच्या शेवटी विचारत असाल तर "गणपतीपासून आत्तापर्यंत" म्हणा, लहानांना फक्त मागचा आठवडा.

घरची परिस्थिती कशी कळणार? उत्पन्न विचारू नका, पोरांना ते माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी लाजतात. एचबीएससीत त्यासाठी घरात गाडी किती, स्वतःची खोली आहे का, कॉम्प्युटर किती, बाथरूम किती, भांडी धुवायचं मशीन आहे का असं विचारतात. मशीन आपल्याकडे सोडाच. आपण विचारायचं अभ्यासाला बसायला ठरलेली जागा आहे का, संडास घरात की बाहेर, दुचाकी आहे का, मोबाईल कोणाचा वापरतोस. जात मात्र वर्गात उभं करून कधीच विचारू नका.

भरून घेताना मुलं-मुली लांब लांब बसवा आणि वर्गशिक्षकांना बाहेर चहाला पाठवा, खरंच. शेजारच्याच्या कागदात डोकावून पोरगं "मला काय होतंय" म्हणून सगळं "कधीच नाही" ठोकतं.

आता वाचायचं कसं. एचबीएससीत फेरीमागून फेरी तेच दिसतं, मुली जास्त तक्रारी लिहितात, वय वाढलं की मुलामुलींतला फरक वाढतो, आणि कमी ऐपतीच्या घरातली मुलं तब्येत खालची सांगतात. तुमच्याकडे मुलींची पोटदुखी जास्त आली तर "मुली नाटकं करतात" म्हणायच्या आधी शाळेच्या संडासात पाणी येतं का बघून या, पाणी न पिता दिवस काढणाऱ्या कितीतरी पोरी असतात. आणि ४० च्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच टक्के, तेव्हा टक्के काढून मिरवू नका, सरळ आकडा लिहा, पाचपेक्षा कमी मुलांचा गट असेल तर तो वेगळा दाखवूच नका, गावात लगेच ओळखतात कोण ते.

पालकांची परवानगी आधी घ्या. कागदावर नाव नको, नंबर टाका, नावांची यादी एकाच विश्वासू माणसाकडे. पण "कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, लैंगिक छळाचं काही लिहिलेलं निघालं तर पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं. मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबर फळ्यावर आधीच लिहून ठेवा.

एक चूक मी स्वतः केलीय. सर्व्हे डिसेंबरात घेतला आणि निकाल बघून खूश झालो, पोरं एकदम ठणठणीत. नंतर हजेरीपट चाळला तर ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं त्या दिवशी वर्गातच नव्हती, ती आईबापाबरोबर फडावर. आता ती पोरं परत आल्यावर त्यांचे कागद एप्रिलमध्ये वेगळे भरून घेतो, वर महिना टाकतो, आणि दोन्ही गठ्ठे एकत्र करत नाही.