कॅम्पर ट्रेलरमधील वीज: ब्रेकर का पडतो आणि पडल्यावर काय करावे

अमेरिकेत भाड्याचा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीमागे जोडून उन्हाळ्यात फिरायला निघालेल्या मराठी कुटुंबाला बहुधा पहिल्याच संध्याकाळी पुढील अनुभव येतो. एसी चालू असतो, आंघोळीसाठी गिझर तापत असतो, आणि कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करायला ठेवताच एसी व मायक्रोवेव्ह दोन्ही बंद पडतात. छतातले दिवे मात्र तसेच जळत राहतात. आपल्याकडे घरातली मुख्य एमसीबी, म्हणजेच ब्रेकर, पडली की सगळीकडे अंधार होतो, त्यामुळे दिवे चालू पाहून वीज आहे असे वाटते आणि उपकरणच बिघडले असावे अशी समजूत होते.

ट्रेलरमध्ये विजेच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. दिवे, पाण्याचा पंप आणि फर्नेसचा (ट्रेलर उबदार ठेवणाऱ्या हीटरचा) पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. एसी, मायक्रोवेव्ह, गिझरची विजेची कॉइल आणि भिंतीतले सॉकेट कॅम्पग्राउंडच्या खांबावरून येणाऱ्या १२० व्होल्टवर चालतात. या दोहोंच्या मध्ये असलेला कन्व्हर्टर १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करून बॅटरी भारित ठेवतो. म्हणूनच मुख्य ब्रेकर पडल्याचे लक्षात आले नाही, तर दिवे आणि पंखा रात्रभर बॅटरी खात राहतात आणि थंडीच्या दिवसांत पहाटे फर्नेसही बंद पडते. एसी किंवा मायक्रोवेव्हचे घड्याळ बंद दिसले की दिव्यांवर विसंबून न राहता लगेच ब्रेकरची पेटी उघडावी.

हिशेब समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण भारतातल्या सवयीचा अंदाज येथे फसतो. २००० वॅटचा गिझर आपल्याकडे २३० व्होल्टवर ९ अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतो. अमेरिकेत १२० व्होल्टवर १५०० वॅटची साधी विजेची किटलीदेखील साडेबारा अँपिअर घेते. बहुतेक मध्यम आकाराच्या ट्रेलरना ३० अँपिअरची जोडणी असते, म्हणजे एकूण ३६०० वॅट. त्यातही तासन्‌तास चालणारा भार ८० टक्क्यांच्या, म्हणजे २४ अँपिअरच्या, आत ठेवावा. छतावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे थंडाव्याच्या क्षमतेचे माप) एसी चालताना साधारण १२ ते १५ अँपिअर घेतो, गिझरची कॉइल सुमारे १२, मायक्रोवेव्ह सुमारे १३, केस वाळवण्याचे यंत्र १२ ते १५, आणि १००० वॅटचा विजेचा कुकर ८ च्या थोडा वर. वरच्या प्रसंगातली बेरीज ३७ च्या पुढे जाते, आणि त्यात बॅटरी उतरलेली असेल तर कन्व्हर्टरचे काही अँपिअर आणखी. अशा वेळी ब्रेकर पडतो तो बिघाडामुळे नव्हे. तारा तापून आग लागू नये म्हणून तो आपले काम चोख बजावत असतो.

यावरून व्यवहारातला नियम असा निघतो की एसी चालू असताना दुसरे एकच जड उपकरण चालवावे. गिझर गॅस आणि वीज या दोन्हींवर चालणारा असेल, तर उन्हाळ्यात तो गॅसवरच ठेवावा. विजेवर लावायचाच असेल तर टाकी पाण्याने भरल्याची आधी खात्री करावी, कारण कोरड्या टाकीत कॉइल पाहता पाहता जळते. पोहे-उपम्याच्या वेळी कुकर, किटली आणि टोस्टर एकाच वेळी लावू नयेत. अनेक ट्रेलरमध्ये स्वयंपाकघरातले सगळे सॉकेट १५ किंवा २० अँपिअरच्या एकाच शाखेवर, म्हणजे एकाच ब्रेकरवर, असतात, आणि एसी बंद असला तरी ती शाखा पडते. एसी बंद केल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबूनच पुन्हा सुरू करावा. कॉम्प्रेसरमधला दाब उतरण्याआधी सुरू केल्यास तो अडखळतो, प्रवाह एकदम वाढतो आणि ब्रेकर पुन्हा पडतो.

ब्रेकर पडल्यावर आधी सगळी जड उपकरणे बंद करावीत. पडलेल्या ब्रेकरचा खटका बहुधा मधोमध अडकलेला असतो. तो नुसता वर ढकलून भागत नाही, आधी पूर्ण बंदच्या बाजूला नेऊन मग चालू करावा लागतो. पेटीत सगळे खटके जागेवर असतील आणि फक्त काही सॉकेट मेले असतील, तर न्हाणीघरातल्या किंवा ओट्याजवळच्या जीएफसीआय सॉकेटवरचे (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे सॉकेट) रीसेटचे बटण दाबावे. ते सॉकेट ५ मिलिअँपिअरच्या आसपासच्या गळतीनेही पुरवठा तोडते आणि बाहेरचे सॉकेटही पुष्कळदा त्याच्याच पुढे जोडलेले असते, त्यामुळे पावसानंतर बाहेरचे सॉकेट ओले झाले आहे का तेही पाहावे. ट्रेलरमध्ये सर्व ठीक असेल तर खांबावरचा ब्रेकर तपासावा. उन्हात तापलेला जुना ब्रेकर ट्रेलरमधल्या ब्रेकरच्या आधी पडू शकतो.

ब्रेकर किती वेळाने पडतो यावरून कारण कळते. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त आहे किंवा जोडणी सैल होऊन तापते आहे. सगळे बंद असतानाही चालू करताक्षणी पडत असेल तर शॉर्टसर्किट समजावे, पुन्हा पुन्हा खटका वर करू नये आणि जाणकाराला बोलवावे. ३० च्या जागी मोठा ब्रेकर बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. तारा ३० अँपिअरसाठीच घातलेल्या असतात.

खांबाला केबल जोडताना आणि काढताना खांबावरचा ब्रेकर बंद ठेवावा. प्लगच्या पात्या काळवंडल्या असतील तर ते सॉकेट वापरू नये, केबल गुंडाळलेली न ठेवता पूर्ण सोडावी, आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा: कोमट चालेल, चटका बसता कामा नये. व्होल्टेज दाखवणारे संरक्षक यंत्र घेतले तर पैसे वाया जात नाहीत. भर दुपारी शेजारचे सगळे एसी चालू झाले की व्होल्टेज उतरते, आणि ते १०५ च्या खाली गेले तर एसी बंद करावा, कारण कमी व्होल्टेजवर त्याची मोटर जास्त प्रवाह ओढून जळू शकते.

घराच्या अंगणात ट्रेलर उभा करून साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटला ॲडॉप्टरने जोडल्यास बॅटरी आणि फ्रीज चालवावा, एसी नको. घरी खास ३० अँपिअरचे टीटी-३० सॉकेट बसवून घ्यायचे असेल, तर ते १२० व्होल्टचे आहे हे इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगावे. कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या सॉकेटसारखे समजून त्याला २४० व्होल्ट दिले जाण्याची चूक होते आणि त्यात ट्रेलरमधला कन्व्हर्टर व मायक्रोवेव्ह क्षणात जळू शकतात, म्हणून पहिल्यांदा प्लग लावण्यापूर्वी मीटरने मोजून आकडा १२० च्या आसपास असल्याचे स्वतः पाहावे.