अ‍ॅक्सिलरेटरचं काम घेताय? आधी फाइलींची घडी बसवा

अ‍ॅक्सिलरेटरच्या कामाची (म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांच्या पार्टची) चौकशी आली की आमच्या अंबड-सातपूरमध्ये पहिला प्रश्न टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल याचा, निघतो. टॉलरन्स जमतो हो. विमानांचे पार्ट काढणारी शॉप्स नाशकात आहेत, मायक्रॉनला इथं कुणी घाबरत नाही. माल अडतो तो कागदांपायी. मी एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये ड्रॉइंग आणि क्वालिटीच्या फाइली सांभाळते. व्हॅक्यूम चेंबर, फ्लँज, सपोर्ट स्टँड असली कामं. तेवढ्यापुरतंच सांगते.

आधी हे कागद लागतात कशाला ते बघा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसी या अ‍ॅक्सिलरेटरचा बोगदा २७ किलोमीटरचा. त्यात कणांचा झोत वळवणारे मुख्य डायपोल चुंबक १,२३२, प्रत्येक सुमारे १५ मीटर लांब. ते ज्या जॅकवर बसलेत ते भारतात बनले, इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्राच्या सहभागातून. ड्रॉइंगवर चुंबक एकसारखे, पण प्रत्यक्षात प्रत्येकाचा आकार आणि चुंबकीय क्षेत्र थोडं थोडं वेगळं. कुठला चुंबक कुठल्या जागी बसवायचा हे त्या मोजमापांवरून ठरवलं गेलं. म्हणजे तुम्ही लिहिलेला आकडा ‘ओके’चा शिक्का मारून संपत नाही. पुढं कुणीतरी तो वापरणार असतं.

ग्राहकाकडून स्टेप मॉडेल (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणारी थ्रीडी फाइल), पीडीएफ ड्रॉइंग आणि स्पेसिफिकेशन आलं की त्याची एक प्रत ‘आवक’ फोल्डरमध्ये टाका आणि ते फोल्डर फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवा. मग मॉडेल आणि ड्रॉइंग समोरासमोर ठेवून ताडून बघा. स्टेपचे प्रकार असतात: एपी २०३ किंवा २१४ च्या फाइलीत टॉलरन्स सहसा येत नाहीत, एपी २४२ मध्ये येऊ शकतात. आटे तर बऱ्याचदा साधी भोकं होऊन येतात. मॉडेल एक सांगतंय आणि ड्रॉइंग दुसरं, असं दिसलं तर खरं कुठलं हे आपण ठरवायचं नाही, लेखी विचारायचं. फोनवर मिळालेलं उत्तर मी उत्तर धरतच नाही.

नंबरांचा घोळ सगळ्यात जास्त. ‘फ्लँज_फायनल_नवीन_२’ असल्या नावाची फाइल दिसली की माझं डोकं फिरतं. पार्ट नंबर सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा धरा: जमिनीत काय बदललं ते फेरफाराला लागतं, गट नंबर तोच राहतो. तसंच पार्ट नंबर कायम ठेवायचा आणि बदल रिव्हिजनमध्ये नोंदवायचा. नंबरातच माप, मटेरियल, मशीन कोंबू नका. मटेरियल बदललं की नंबर खोटा पडतो.

रिव्हिजन असते ड्रॉइंगची, सीरियल नंबर असतो तुकड्याचा. लॉटच्या मध्येच रिव्ह बी ची सी झाली तर आधीचे तुकडे बी चेच राहतात, आणि तसंच लिहायचं. म्हणून रजिस्टरमध्ये पार्टची नव्हे, तुकड्याची एक ओळ ठेवा: सीरियल, रिव्हिजन, हीट नंबर (धातूच्या ओतीचा नंबर), वेल्डर, हेलियम लीक टेस्ट, सीएमएम या मोजणी यंत्राच्या फाइलीचं नाव. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. सर्व्हरवरची एक शीट पुरते, फक्त त्यात लिहिणारा माणूस एकच हवा.

सळई किंवा प्लेट कापण्याआधी हीट नंबर दोन्ही भागांवर उतरवून घ्या. कापून झाल्यावर ३१६ एलएन स्टेनलेस कुठलं आणि ३१६ एल कुठलं हे नुसतं बघून कुणालाही सांगता येत नाही. मग मटेरियलच्या तपासणीचं ३.१ सर्टिफिकेट हातात असून उपयोग शून्य. मार्किंग बाहेरच्या अंगाला, कोरून. व्हॅक्यूमच्या बाजूला मार्कर पेन नको आणि सीलिंगच्या धारेजवळ पंच तर नकोच.

वेल्डचंही तसंच, प्रत्येक जोडाला वेल्ड मॅपवर नंबर द्या. १९ सप्टेंबर २००८ ला एलएचसीत दोन चुंबकांमधला एक विद्युत जोड निकामी झाला, हेलियम बोगद्यात सुटलं आणि ५३ चुंबक बाहेर काढावे लागले. असं काही झालं की पहिली विचारणा होते ती नेमक्या त्या जोडाच्या नोंदीची.

काही जण मॉडेलही बनवून देतात. तुमचा पार्ट त्याच्या स्वतःच्या शून्यावरच काढा, बोगद्यातली जागा ग्राहकाची असेंब्ली ठरवते. याला तांत्रिक कारण आहे. एनएक्स या कॅड सॉफ्टवेअरच्या मागे पॅरासॉलिड हे आकार मांडणारं इंजिन (कर्नल) आहे आणि त्याची चौकट एक किलोमीटरची. हॅम्बुर्गजवळचं युरोपियन एक्सएफईएल हे एक्स-रे लेसरचं मशीन ३.४ किलोमीटर लांब आहे, ते एका फाइलीत खऱ्या जागांवर मांडायला गेलात तर चौकटीतच मावणार नाही. सविस्तर मॉडेलबरोबर एक हलकं मॉडेलही द्या. त्यात बोल्टचे आटे नकोत, पण पाना फिरायला लागणारी जागा, बेकिंगचं (व्हॅक्यूमसाठी चेंबर तापवण्याचं) हीटर जॅकेट आणि केबलचा वळसा दाखवलेला हवा. शेजारची पाइपलाइन टाकणाऱ्याला तुमच्या फ्लँजच्या आतलं काही बघायचं नसतं, त्याला फक्त टक्कर टाळायची असते.

मोजमापाच्या नोंदीत तापमान हवंच. मापं २० अंशांना धरलेली असतात. मे महिन्यात शॉप ३५ अंशांवर असेल तर एक मीटरचं स्टेनलेस चेंबर जवळपास पाव मिलिमीटरनं वाढलेलं असतं. जॉब रात्रभर एसी खोलीत ठेवा, मग मोजा. सीएमएमचा नुसता पीडीएफ पाठवू नका, बिंदूंची कच्ची फाइलही द्या.

माप चुकलं तर दुरुस्तीला हात लावण्याआधी डेव्हिएशन रिपोर्ट पाठवा. सुपरवायझर म्हणेल, ‘मॅडम, घासून देतो, कळणार पण नाही.’ त्याला थांबवा. घासलेला तुकडा चालेलही कदाचित, पण त्याची नोंद खोटी झालेली असते.

शेवटचं पॅकेज बनवताना मूळ कॅड फाइलीसोबत स्टेप आणि पीडीएफही ठेवा. मशीन पंचवीस-तीस वर्षं चालतं, आजचं कॅडचं व्हर्जन तोवर उघडेलच असं नाही. सगळं ग्राहकाच्या सिस्टिमवर चढवा, त्यांचा होकार लेखी येऊ द्या, आणि मगच ट्रक गेटबाहेर सोडा. ट्रान्सपोर्टवाला कटकट करेल, करू द्या.