कॉम्प्युटरचा मागचा यूएसबी पोर्ट वापरा, टकटक थांबते
घरी हार्मोनियम रेकॉर्ड करताना मधेच टकटक आवाज यायचा, आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) चालू केली की ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा यूएसबीचा डबा) कधीकधी चक्क डिस्कनेक्टच. ड्रायव्हर, बफर साइज सगळं बघून झालं, फरक शून्य. मग इंटरफेसची केबल समोरच्या पोर्टमधून काढून मागे थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावली, कारण पुढचे पोर्ट आतून वेगळ्या वायरने जोडलेले असतात, आणि मधला हबपण काढला, त्यावर वेबकॅम नि हार्डडिस्क दोन्ही लटकलेले. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपियर देतो, ३ चा ९००, म्हणून पोर्टवरूनच पॉवर घेणाऱ्या इंटरफेसला निळा, म्हणजे यूएसबी ३ चा, पोर्ट बरा. स्पीडसाठी नाही हां, दोन चॅनेलला यूएसबी २ भरपूर झालं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडपण (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद करून टाका.