जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलं? या चुका टाळा

आधी ते खरंच पडलंय का, हे मोजा. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा. मधले किलोमीटर या वेळी भरलेल्या लिटरने भागले की ॲव्हरेज. पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू का?" विचारेल. नको म्हणा, हिशेब तिथेच चुकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक गॅरेजात होते. गाडी एकदा तापली की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढूनच टाकतात. "आता कधी गरम होणार नाही साहेब!" खरंय, पण मग इंजिन हवं तेवढं तापतच नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून थंडच आहे, आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. थंडीत हायवेला टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागी न येता खालीच रेंगाळत असेल, तर पहिला संशय इथेच घ्या. आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी तर भरलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

एअर फिल्टरचं मात्र उगाच कौतुक होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो तुंबला की पेट्रोल जास्त जातं. इंजेक्शनच्या गाडीत पिकअप मरतो, ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही, कारण हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो. वेळेवर बदला, पण चमत्काराची वाट बघू नका. पेट्रोलच्या पाइपवर लावायच्या चुंबकांबद्दल तर बोलायलाच नको.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी जड चालते? थोडं फिरवून आणा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरा, आणि चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक भाजत असेल तर तिथला ब्रेक जाम आहे.

हवा टायर गार असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

आंबा घाट उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे अजून आहेत. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरली की पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

एवढं करूनही थोडी घट राहिली, तर ती ई-20 ची, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची असू शकते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6-7 टक्के घट धरली होती. तेवढ्यासाठी इंजिन खोलायला देऊ नका.