अंदमानला सहकुटुंब स्कूबा: निघण्याआधीची तयारी

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) जाऊन घरातल्या सगळ्यांनी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली डायव्ह, करायचं ठरलं, की तिकिटं काढायच्या आधी एक कागद घ्या आणि प्रत्येकाचं वय आणि तब्येत त्यावर मांडा. स्कूबाचं प्रशिक्षण देणाऱ्या पॅडी या संस्थेच्या नियमांप्रमाणे आठ वर्षांच्या मुलाला फक्त दोन मीटरपर्यंत, शांत उथळ पाण्यात नेतात. दहा पूर्ण झाली की प्रशिक्षकाबरोबर 12 मीटरपर्यंतचा पहिला अनुभव घेता येतो किंवा ज्युनियर ओपन वॉटर हा मुलांसाठीचा प्राथमिक कोर्स करता येतो. सात वर्षांच्या मुलाला कोणी ‘चालतंय हो’ म्हणत खाली न्यायला तयार झालं, तर तिथे बुकिंग करू नका. वयात बसणाऱ्या मुलालाही आधी नीट विचारा. चेहरा पाण्यात घालायला जो घाबरतो, त्याने यंदा स्नॉर्कलिंग करावं, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावरच तरंगत खाली बघावं. मासे तिथेही भरपूर दिसतात.

डायव्ह सेंटरकडून तब्येतीचा फॉर्म महिनाभर आधीच मागवा. दमा, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, चालू असलेली औषधं, सगळं त्यात विचारलेलं असतं. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर बऱ्याचदा डॉक्टरांची सही लागते, आणि ती सही बोटीवर मिळत नाही. लहानपणी दमा होता आणि आता काही त्रास नाही, हेसुद्धा लिहायचं, लपवायचं नाही. ज्यांचे कान वारंवार फुटतात किंवा दुखतात त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून यावं. घरात कोणी गरोदर असेल तर तिने डायव्ह करायचा नाही, यात चर्चेला जागा नाही. पाळी मात्र आड येत नाही. बोटीवर कपडे बदलायची सोय कशी आहे, एवढं आधी विचारून ठेवलं की झालं.

कानांची तयारी घरीच करा, कारण पहिल्या डायव्हला बहुतेक जण कानांपाशीच अडतात. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि हवेच्या आकारमानातला सगळ्यांत मोठा फरक अगदी वरच्याच थरात पडतो. घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तसेच इथे पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये बसतात, फक्त फार लवकर. उपाय सोपा आहे: नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकातून हलकेच हवा सोडायचा प्रयत्न करायचा, म्हणजे कानात ‘टक्’ होतं. दुखायला लागायच्या आधीच हे करायचं, आणि खाली जाताना दर हातभर अंतरावर पुन्हा. जोर लावायचा नाही. मोकळं होत नसेल तर थोडं वर यायचं. आठवडाभर मुलांना दात घासताना हे करायला लावा. दुसरा नियमही घोकून घ्या: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते, म्हणून श्वास सतत चालू हवा. टाकीत नुसता ऑक्सिजन असतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं, ती आपली नेहमीचीच हवा असते, दाबून भरलेली.

हाताच्या खुणाही घरीच पाठ करा. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, तर ‘वर चला’. मुलं इथे हमखास गोंधळतात. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही बिघडलं असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि दुखतंय तिथे बोट दाखवायचं.

तारखांचं म्हणाल तर फेब्रुवारी ते एप्रिल पाणी शांत आणि स्वच्छ असतं, पण नेमक्या तेव्हाच परीक्षा. शाळा सुटल्या सुटल्या, एप्रिलअखेर जमवता आलं तर उत्तम. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मोसमी पाऊस अंदमानात दाखल होतो, ते आपण दरवर्षी बातम्यांत ऐकतोच, तेव्हा मेची अखेर नको. दिवाळीत पाऊस आणि वादळाची शक्यता असते. नाताळात समुद्र बरा, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले.

आता सहलीचा क्रम, आणि इथे मी आग्रह धरणार आहे. आपल्याकडची बहुतेक पॅकेजं पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, उतरल्यावर आधी सेल्युलर जेल दाखवतात आणि हॅवलॉक शेवटी ठेवतात. हा क्रम उलटा करून घ्या. डायव्हनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. म्हणून एका डायव्हनंतर किमान 12 तास, अनेक डायव्ह किंवा सलग दिवस डायव्ह केले असतील तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. कुटुंबाबरोबर असताना सरळ 24 तास धरा. विमानतळावर उतरलात की फेरीबोटीने हॅवलॉक, मग नील बेट, आणि शेवटचा अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये. सावरकरांची कोठडी, सायंकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम हे सगळं त्या दिवशी निवांत होतं, जेलमधून धावत जेट्टी गाठावी लागत नाही आणि शरीरालाही हवा तेवढा अवकाश मिळतो.

फेरीची तिकिटं विमानाच्या पाठोपाठ काढा. लहान मुलांसकट सगळ्यांची मूळ ओळखपत्रं हाताशी हवीत, बॅगेच्या तळाशी नकोत. समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीचं विमान आणि हॅवलॉकची शेवटची फेरी एकाच दिवशी कधीही ठेवू नका.

सेंटर ठरवताना दरापेक्षा प्रश्न जास्त विचारा. नवशिक्यामागे एक प्रशिक्षक असेल का? बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन असतो का? मुलांच्या मापाचे वेटसूट, मास्क आणि जॅकेट आहेत का? सर्दी झाली तर तारीख बदलून मिळेल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. पैसे बुडतील या भीतीने माणसं नाक चोंदलेलं असताना गोळी घेऊन पाण्यात उतरतात, आणि गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना कान अडकतात. विम्याची कागदपत्रंही वाचा. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं.

मास्क प्रत्येकाने स्वतः तपासायचा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर माप बरोबर. कपाळावरची एक बट आत राहिली तरी पाणी झिरपतं, त्यामुळे केस मागे घट्ट बांधा आणि त्या दिवशी डोक्याला तेल नको, पट्टा घसरतो. दाट मिशी असेल तर नाकाखालची कड बारीक करून घ्या. चष्मा मास्कच्या आत बसत नाही. नंबरचा मास्क आहे का हे आधी विचारा, किंवा सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सचा एक जास्तीचा जोड ठेवा.

बॅगेत लांब बाह्यांचे पोहायचे टी-शर्ट प्रत्येकी दोन तरी हवेत. उन्हापासून ते क्रीमपेक्षा चांगले वाचवतात आणि प्रवाळालाही त्रास देत नाहीत. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, गुंगी आणणारी नको. वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम, फोन-पाकिटासाठी जलरोधक पिशवी आणि पुरेशी रोख रक्कम बरोबर असू द्या. बेटावर एटीएम मोजकी आहेत. बोटी भल्या सकाळी सुटतात, कारण तिकडे उजाडतं फार लवकर. आदल्या रात्री दारू नको, झोप पुरेशी हवी. सकाळी इडली किंवा केळं, वडे नकोत. पाण्यातून आल्यावर मुलं कुडकुडतात, तेव्हा सुका टॉवेल आणि राजगिऱ्याचे लाडू वरच ठेवा.

आई-बाबा दोघांनी एकाच वेळी पाण्याखाली जायचं नाही. एक डायव्हला, एक मुलांपाशी, मग अदलाबदल. आजी-आजोबा बरोबर असले तरी नातवंडांची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकून जाऊ नका. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर मगरींसाठी लावलेल्या जाळीच्या आतच पोहा. 2010 मध्ये त्याच भागात मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा जीव गेला होता, आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आजही आहेत.

निघण्याआधी मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: बोटीवर बसल्यावर, सूट घातल्यावर, अगदी पाण्यात उतरल्यावरसुद्धा ‘मला नको’ म्हणता येतं आणि त्यावर कोणी रागावणार नाही. हेच नवऱ्याला, बायकोला आणि स्वतःलाही सांगा. ‘एवढे पैसे भरलेत’ हे वाक्य त्या सकाळी कोणी उच्चारायचं नाही. घाबरलेला माणूस श्वास रोखतो नाहीतर झटकन वर धाव घेतो, आणि या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात.

डायव्हनंतर दिवसभरात कोणाला सांधेदुखी, मुंग्या, चक्कर किंवा विचित्र थकवा जाणवला, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका, लगेच सेंटरला फोन करा. तो नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा. परतीच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे आणि बॅगांचे कप्पेही तपासा. प्रवाळाचा तुकडा, अगदी किनाऱ्यावर पडलेला मेलेला असला तरी, आणि शंखांच्या कित्येक जाती वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतात, आणि विमानतळावर सामान तपासताना ते पकडले जातात.